आबांना घेऊन जाते आहे

गिरीज
५ मार्च, सकाळी सव्वादहा

दादा,

आबांना मी घेऊन जाते आहे. वालीवहून परत येशील तेव्हा खोली रिकामी दिसेल आणि तू रस्त्यावर धावत सुटशील, म्हणून पहिली ओळ हीच लिहिली. ते माझ्याबरोबर आहेत. शेजारचा एरॉल आम्हाला त्याच्या गाडीने बोरिवलीला सोडतो आहे. त्याच्यावर चिडू नकोस. तुला विचारलंय असं मी त्याला सांगितलंय.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आपण दोघं बोलत नाही, फक्त भांडतो. म्हणून हे पत्र. जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली ठेवते, इशितावहिनी आली की तिथेच आधी हात घालते.

परवा मी न सांगता आले आणि आबांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी दिसली. आत आबा पलंगाच्या कडेला बसले होते, चपला घालून. जणू कोणीतरी बोलवायला येणार आहे. तू कारखान्यात, वहिनी बँकेत, आणि नऊपासून एकपर्यंत हा माणूस कोंडलेला. ज्याने चाळीस वर्षं ही वाडी शिंपली, त्याने खिडकीच्या गजांतून केळी बघायच्या. मी तुला काय काय बोलले ते मला आठवतं. मागे घेत नाही.

"तू महिनाभर करून दाखव, मग बोल," असं तू म्हणालास. दाखवते. महिनाच कशाला, जूनपर्यंत ठेवते.

गोळ्यांची पिशवी घेतली आहे. स्वेटर नव्हता, वाटेत घेईन. कोटधार फार उंचावर नाही, तिथे त्यांच्या वयाची माणसं रोज डोंगर चढतात. रोपवाटिकेतलं माझं काम घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. घरमालक चांगले आहेत. आबांना झाडांत मोकळं फिरता येईल. दाराला कडी नसेल.

पूर्वी


कोटधार, जिल्हा कुल्लू
१४ मार्च

दादा,

आम्ही सुखरूप पोचलो त्याला आता सहा दिवस झाले. आबांनी प्रवास छान केला. घाटात जरा उलट्या झाल्या, तेवढंच.

मी राहते ते लाकडी घर तू पाहिलेलं नाहीस. खाली शत्रुघ्न ठाकूर आणि त्यांची बायको राहतात, तिला सगळं गाव भाभी म्हणतं, मीही म्हणते. वर माझ्या दोन खोल्या. समोर दरी, तळाशी नाला, आणि उतारावर टप्प्याटप्प्याने सफरचंदाच्या बागा. सफरचंदाला अजून फूल नाही. जर्दाळू मात्र फुललाय, पानं एक नाही आणि अख्खं झाड पांढरंगुलाबी. पहिल्या दिवशी आबा त्याच्याखाली उभे राहिले आणि मला विचारलं, "हे कोणी लावलं?" मी म्हटलं, शत्रुघ्नजींच्या वडिलांनी. "शिंपतो कोण?" म्हणाले. आठ महिन्यांत त्यांच्या तोंडून असा सरळ प्रश्न मी ऐकला नव्हता.

हवेचं मात्र काही खरं नाही. सकाळी ऊन असं की सदरा नको वाटतो. अकराला खालच्या घळीतून वारा चढतो. दुपारी गारा पडतात, पत्र्यावर बोलणं ऐकू येत नाही इतक्या. चारला पुन्हा लख्ख ऊन, आणि समोरच्या डोंगरधारेवर बर्फ सकाळपेक्षा हातभर खाली उतरलेलं. इथली माणसं मार्चमध्ये कोट आणि छत्री दोन्ही घेऊन बाहेर पडतात. माझं तर कामच ते आहे. थर्मामीटर बघायचं, गारांचा अंदाज असला की रोपांवर जाळी ओढायची, पारा फार उतरला की बागायतदारांना फोन करून ओलं गवत पेटवायला सांगायचं, म्हणजे धुराने कळ्या वाचतात.

आबा खुशीत आहेत. दोन पोळ्या खातात. झोप शांत लागते. मी कामावर असते तेव्हा भाभी त्यांच्याजवळ बसते, भाषा एकमेकांची कळत नाही तरी दोघं बोलत असतात.

तू उगाच काळजी करत असशील. करू नकोस.

पूर्वी


कोटधार
२२ मार्च

दादा,

मागचं पत्र मिळालं असेल. टपाल आठवड्यातून एकदा जीपने खाली बंजारला जातं.

इकडे चार दिवस सूर्य दिसलेला नाही. जर्दाळूची फुलं गारांनी झोडपली, झाडाखाली नुसता चिखल आणि पाकळ्या. आबा ते बघून अस्वस्थ झाले. गारा पडू लागल्या की त्यांना वाटतं कोणी दगड मारतंय. परवा ते पलंगाखाली शिरले होते. मी बाहेर काढलं, चहा दिला, मग हसलो दोघंही.

मला कधीकधी "बाई" म्हणतात. "बाई, माझी मुलगी शाळेतून यायची झाली, मला सोडा." मी म्हणते, मीच ती. तर ते माझ्याकडे असे बघतात की मी काहीतरी चोरलंय. आईलाही हाका मारतात. आई गेल्याचं मी एकदा सांगितलं, तर ती आजच गेल्यासारखे रडले. पुन्हा सांगितलं नाही. तू काय सांगतोस रे त्यांना, जयवंती कुठे म्हणून विचारतात तेव्हा?

एक गंमत सांगते. मंगळवारी मी आंघोळीला गेले आणि बाहेर येऊन बघते तर हे नाहीत. अंगणाच्या टोकाला उभे होते, जिथून उतार सुरू होतो. खाली तीस-चाळीस हात काही नाही, मग दगड. मी हळूच जाऊन दंड धरला. "पाणी ऐकतोय," म्हणाले. खालचा नाला आता बर्फ वितळून फुगलाय, त्याचा आवाज दिवसभर असतो. गंमतच झाली. माझे पाय नंतर बराच वेळ कापत होते, थंडीच तेवढी होती.

दाराला एक कडी बसवून घेतली आहे. वाऱ्याने दार आपटतं म्हणून.

फोन करू नकोस, इथे रेंज येते-जाते. वहिनीला सांग, आबांचा बिनबाह्यांचा जुना स्वेटर सापडला तर पाठव, नवा ते अंगावर राहू देत नाहीत.

पूर्वी


कोटधार
२८ मार्च, सकाळ

दादा,

हे पत्र तुला कधी मिळेल माहीत नाही. खालचा रस्ता दोन ठिकाणी बंद आहे, एकीकडे बर्फ आणि एकीकडे दरड. टॉवर कालपासून मेलाय. मला कोणाशी तरी बोलायचं आहे आणि तुझ्याशिवाय कोणी नाही.

काल आबा हरवले होते. सापडले आहेत. घरात आहेत, माझ्यासमोर. पण मला त्यांचा श्वास ऐकवत नाही.

नीट सांगते. काल सकाळी आकाश कोरं होतं. इतकं ऊन होतं की भाभीने गाद्या वाळत घातल्या. अंदाज मात्र गारांचा होता, त्यामुळे जाळ्या ओढायला मला जावं लागलं. भाभीला सांगून गेले की आबांकडे लक्ष ठेवा. ती गोठ्यात गेली असणार, आणि तेवढ्यात हे निघाले.

पावणेबाराला वारा उठला. बाराला गारा. मी साडेबाराला परत आले तर दार सताड उघडं, स्वेटर खुंटीवर, आणि खोलीत गारा आल्या होत्या, जमिनीवर लोळत होत्या. मी आधी पलंगाखाली बघितलं. मग संडासात. मग ती अंगणाच्या टोकाची जागा. तिथून खाली बघायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस.

खाली काही नव्हतं.

शत्रुघ्नजींनी गाव गोळा केलं. बारा-पंधरा माणसं शिट्ट्या वाजवत तीन दिशांना गेली. दोन वाजता गारांचं बर्फ झालं. असं बर्फ मी इथल्या चार वर्षांत मार्चअखेरीस पाहिलं नव्हतं. आवाज नाही, काही नाही, नुसतं खाली येत राहतं. चार हातांपलीकडचं झाड दिसेना. मी "आबा, आबा" ओरडत होते आणि माझाच आवाज तोंडासमोर पडत होता. एकाने मला धरून सांगितलं, "मॅडम, आप बैठ जाओ, आप भी गिरोगे तो दो को ढूँढना पड़ेगा." मी बसले नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, त्यांच्या अंगात सुती सदरा आहे आणि पायात गिरीजच्या चपला.

साडेतीनच्या सुमाराला मला सुचलं, की ते पाटाने गेले असतील. घरामागून एक पाट जातो, वर जंगलात नाल्याला बांध घालून पाणी वळवलंय ते बागांना येतं. आबा जन्मभर पाटाच्या कडेने चालले. शत्रुघ्नजी आणि मी काठ्या घेऊन वर निघालो. पाटाच्या कडा गोठलेल्या, आणि देवदारात इतका काळोख की दुपार आहे हे पटेना. अर्ध्या वाटेवर त्यांची एक चप्पल सापडली. ती मी हातात घेतली. शत्रुघ्नजी पुढे चालत होते.

पाट जिथे सुरू होतो तिथे आबा होते. पाण्यात पाय सोडून बसलेले. दोन्ही हातांनी बांधाचे दगड काढत होते. हात निळे झाले होते. डोक्यावर बर्फ साचलेलं. आम्हाला बघून घाबरले नाहीत, रागावले. "इतका वेळ कुठे होता तुम्ही? केळी सुकल्या."

शत्रुघ्नजींनी त्यांना पाठीवर घेतलं. इथे आजारी माणसाला असंच आणतात. मी मागून त्यांचे पाय धरले होते, दगडासारखे गार. वाटेत ते कापायचे थांबले. मला वाटलं बरं वाटलं. शत्रुघ्नजींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पळायला लागले.

आता ते तंदूरशेजारी, म्हणजे इथल्या लाकडाच्या शेगडीशेजारी, तीन रजयांत आहेत. इथला कंपाउंडर येऊन गेला. म्हणाला, ऊब द्या, कोमट पाजा, पाय चोळू नका. छातीत घरघर आहे, त्याच्याकडे त्याला औषध नाही. खाली न्यायला हवं, आणि खाली रस्ता नाही.

२९ मार्च, दुपार

ताप एकशे तीन. सकाळपासून कोणाला ओळखत नाहीत. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डा पडतो. मी मोजत बसले आहे, मिनिटाला छत्तीस, मग अडतीस. कंपाउंडरने दाखवलं कसं मोजायचं ते. ते दाखवलं नसतं तर बरं झालं असतं.

बाहेर ऊन पडलंय, दादा. स्वच्छ, निळं आकाश, बर्फावर डोळे दिपतात. खालच्या बागेत चिमण्या आल्यात. काल इथे काय झालं ते कोणाला सांगून खरं वाटणार नाही, इतकं सुंदर दिसतंय सगळं. मला या उन्हाची भीती वाटते. दर अर्ध्या तासाने मी दारात जाऊन घळीकडे बघते, वारा उठतोय का. पुन्हा पडलं तर रस्ता मोकळा करायला जेसीबी वर येणार नाही.

डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली आहेत.

मघाशी त्यांनी माझा हात धरला आणि स्पष्ट तुझं नाव घेऊन म्हणाले, "तेजसला बोलवा." मी म्हटलं, बोलावते. मी बोलावू शकत नाही. फोनमध्ये एक काडीही नाही. भाभी खाली देवतेपुढे बसली आहे, कालपासून जेवली नाही.

जेसीबीचा आवाज येतोय असं शत्रुघ्नजी म्हणतात. मला ऐकू येत नाही. मला फक्त श्वास ऐकू येतो.


कोटधार
२० एप्रिल

दादा,

तू आबांना घेऊन गिरीजला पोचलास त्याला आठ दिवस झाले. वहिनीचा मेसेज आला, आबा वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात, जेवतात, रागावतात. वाचून बरं वाटलं. मग मनात आलं, दोन बोटं गेली, आता ते लांब जाऊ शकणार नाहीत, चला, सुटलो. हे माझ्या मनात आलं आणि मी फोन खाली ठेवला. मला स्वतःचीच भीती वाटली.

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. आता शेवटपर्यंत लिहिते.

रस्ता उघडल्यावर आबांना कुल्लूच्या दवाखान्यात आणलं, तिथे तू आलास तेव्हा मी तुला अठ्ठावीस तारखेचं पत्र हातात दिलं. तू बाकावर बसून वाचलंस. वाचून झाल्यावर घडी घातलीस आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "माझ्याकडूनही सुटलेच होते ना." चार वर्षांत तू मला हात लावला नव्हतास. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. तेवढ्यात भाभी डबा घेऊन आली, आणि तू तिला बोललास. "एक बूढ़े आदमी को दस मिनट नहीं सँभाल सके आप?" ती डबा हातात घेऊन उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. आणि मी, दादा, डब्याचं झाकण उघडून आत काय आहे ते बघत होते.

भाभीला मी काही सांगून गेले नव्हते. ती घरात नव्हतीच, खालच्या गोठ्यात होती, आणि ते मला माहीत होतं.

त्या दिवशी आबा सहा वाजल्यापासून मागे लागले होते. "घरी चल. पंप चालू राहिलाय." मी म्हणायचे, पंप बंद केलाय. दोन मिनिटं गप्प, की पुन्हा, "घरी चल, पंप चालू राहिलाय." पोहे दिले, ते ढकलून दिले. मी आधीच्या तीन रात्री झोपले नव्हते. झोप शांत लागते असं तुला लिहिलं ते खोटं होतं. ते येऊन चार दिवस झाल्यापासून रोज उठतात, दार हलवतात, रडतात. साडेदहाला रोपवाटिकेतून दुसऱ्यांदा फोन आला, जाळ्या अजून ओढल्या नाहीत, गारा येतायत. आणि आबांनी माझी ओढणी धरली. "बाई, मला घरी सोडा."

मी ओढणी हिसकली. "जा," म्हटलं. "जायचंय ना? जा मग! जा एकटेच! सगळ्यांचा जीव घेतलात तुम्ही!" दार मी उघडलं. भिंतीला आपटेल असं उघडलं. आणि त्यांच्याआधी मीच बाहेर पडले, कडी न लावता, आणि बागेकडे चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही. वाटलं, बसतील जरा दारात, कळेल त्यांना. ज्याला काही कळत नाही त्याला मी धडा शिकवायला निघाले होते.

त्यांना तेवढंच कळलं. जा म्हटल्यावर ते गेले.

कडीबद्दलही सांगते. ती वाऱ्यासाठी नव्हती आणि आतून नव्हती. सतरा मार्चला, येऊन नऊ दिवस झाले नाहीत तोच, सुताराकडून बाहेरून बसवून घेतली. पहिल्यांदा ती लावली तेव्हा आतून आबा म्हणाले, "कोण आहे?" मी पाय न वाजवता जिना उतरले.

आणि पाटाचं मला सुचलं नव्हतं.

साडेतीनला मी शाळेच्या ओसरीत उभी होते. बर्फ असं पडत होतं की लोक परत येऊ लागले होते. शत्रुघ्नजी कोणाला तरी हळू आवाजात म्हणत होते, नाल्यात उद्या सकाळी बघू. मी फोन काढला, पोलिसांना लावावा म्हणून. रेंज नव्हती. स्क्रीनवर तुझं नाव दिसलं. आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला नऊ मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला होतास. ऐकला नव्हता. शिव्या असतील म्हणून ऐकला नव्हता, पण पुसलाही नव्हता, केव्हातरी भांडायला उपयोगी पडेल म्हणून. तिथे उभी राहून तो लावला. मला वाटतं, मला फक्त तुझा आवाज ऐकायचा होता.

तू म्हणालास, "पूर्वी, चिडून बंद करू नकोस, ऐक. तुला आम्ही सांगितलं नाही, तू एवढ्या लांब, उगाच घोर लावायचा नव्हता. दिवाळीनंतर आबा दोनदा हरवले. एकदा भुईगावच्या खाडीत सापडले, कमरेएवढ्या पाण्यात, आणि भरती चढत होती. दुसऱ्यांदा एरॉलच्या विहिरीच्या काठावर वाकून पंप शोधत होते. मी सदऱ्याला धरून मागे ओढलं. तेव्हापासून कडी आहे. मला ती लावायला आवडते असं वाटतं का तुला? आता तू नेलंच आहेस तर लक्षात ठेव. ते माणसांकडे जात नाहीत, रस्त्याने जात नाहीत. पाणी दिसलं की त्याच्या कडेने निघतात, पाणी जिथून येतं तिकडे. हाका मारू नकोस, हाका मारल्या की घाबरून लपतात. पाणी धर आणि गप चालत जा."

बाकीची सहा मिनिटं गोळ्यांची होती. कोणती कशाबरोबर, कोणती दुधाबरोबर द्यायची नाही.

मी तीन तास हाका मारत होते, दादा. शिट्ट्या वाजवत होतो आम्ही सगळे.

त्यांना तू शोधलंस. दीड हजार किलोमीटरवरून तूच शोधलंस. आणि मी पत्रात "मला सुचलं" असं लिहिलं, ते तू माझ्यासमोर वाचलंस, आणि काही बोलला नाहीस. तो निरोप तुझाच होता. तुला कळलं असणारच, की तो ऐकल्यावरच मी पाटाने गेले. तू मला तेवढं झाकू दिलंस. मग भाभीचं खोटंही तुझ्या गळ्यात कसं टाकलं मी?

काल भाभीसमोर बसून सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत? ती म्हणाली, "तेरा भाई रात भर गाड़ी में आया था. उसे किसी पर तो गुस्सा होना था. तुझ पर होता तो तू वहीं टूट जाती." मग म्हणाली, "पर बता दे उसको. मुझे बुरा तो लगा था."

तिचा नंबर पाकिटावर मागे लिहिते. तिला फोन कर. माफी तू मागायची नाहीस, मी मागितली आहे. तू फक्त सांग की तुला आता माहीत आहे.

माझ्याशी तू काय करायचं ते तू ठरव. मी तुला गिरीजच्या त्या टेबलावर जे लिहून ठेवलं होतं, "मागे घेत नाही" म्हणून, ते मागे घेते. सगळं. एकेक शब्द.

मला अजून भीती वाटते. इकडे सफरचंद फुललंय, हवा रोज तीनदा बदलते, आणि वारा उठला की मी हातातलं टाकून घरामागे पाटापर्यंत जाऊन येते. तिथे कोणी नसतं. शत्रुघ्नजी बघतात.

रोपवाटिकेत फळधारणा मोजून झाली की माझं काम संपतं. तीन महिन्यांची रजा मागितली, मिळाली. बिनपगारी आहे, चालेल. मला सकाळची पाळी दे, नऊ ते एक. आणि रात्रीचीही. तू आणि वहिनी दोघं कुठेतरी जाऊन या, निदान एकदा पूर्ण झोपा. आबांना काय सांगायचं, कसं सांगायचं, आई कुठे म्हणून विचारलं तर काय म्हणायचं, ते मला शिकव. या वेळी मी विचारून येते आहे. नको म्हणालास तर येणार नाही.

हो म्हणालास तर पंधरा मेला सकाळी अकराच्या सुमाराला वसईला उतरेन. सामान फार नाही, रिक्षा करून येईन. मला घ्यायला स्टेशनवर येऊ नकोस. आबांना एकटं ठेवून येऊ नकोस.

पूर्वी